एम्पायर स्टेट की सिटीकॉर्प : जादा पोलाद म्हणजे उधळपट्टी की शहाणपण?

खांबवेडा
न्यूयॉर्कच्या दोन ऑफिस-इमारती समोर ठेवतो. १९३१ ची एम्पायर स्टेट : १०२ मजले, ३८१ मीटर, सुमारे ५७,००० टन पोलाद. आणि १९७७ ची सिटीकॉर्प : ५९ मजले, २७९ मीटर, चार पायांवर उभी. माझ्या मते रचना म्हणून जादा पोलादाची जुनीच सरस, हलकी नवी नाही. पोलादी सांगाडा रिवेटने (तापवून ठोकून बसवलेल्या खिळ्यांनी) जोडलेला, त्यात वीट आणि चुनखडी दगडाची भरणी. हिशेबात फक्त सांगाडा धरला असला तरी वारा आला की भिंतीही टेकू देतात, म्हणून सोसाट्याच्या वाऱ्यातही माथा जेमतेम दीड इंच हलतो. २८ जुलै १९४५ ला धुक्यात बी-२५ विमान ७९ व्या मजल्याशी आदळलं, १४ जण गेले. तो शनिवार होता. सोमवारी बऱ्याच मजल्यांवर कामकाज सुरू! उलट सिटीकॉर्पला डोलणं आवरायला माथ्यावर ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा लागतो, आणि तो चालतो विजेवर. वादळात आधी काय जातं ते आपल्याला सांगायला नको.

तिरपी_तुळई
तुलनेत जागेचा उल्लेखच नाही. सिटीकॉर्पच्या प्लॉटच्या वायव्य कोपऱ्यावर सेंट पीटर्स चर्च होतं. जागा देताना त्यांची अट अशी, की नवं चर्च तिथंच बांधून द्यायचं आणि टॉवरचा एकही खांब त्यातून न्यायचा नाही. म्हणून रचना-अभियंता विल्यम लेमेश्यूरिए यांनी सुमारे ३५ मीटर उंचीचे पाय कोपऱ्यांतून काढून प्रत्येक बाजूच्या मधोमध घेतले. आठ-आठ मजल्यांच्या टप्प्यात व्ही आकाराचे तिरपे सदस्य (म्हणजे सांगाड्यातल्या पोलादी तुळया) बसवून कोपऱ्याकडचं वजन मधल्या खांबावर आणलं. तुमच्या १९३१ च्या सांगाड्यातले खांब सरळ खाली सोडले असते तर चर्चच्या वेदीतून निघाले असते.

ठोकळ्याचंही तसंच. तो तेलाच्या पातळ थरावर सरकतो. इमारत एकीकडे झुकली की जडत्वामुळे मागे राहतो आणि डोलणं निम्म्याच्या आसपास येतं. वरच्या मजल्यांवर बसणाऱ्यांना गरगरू नये म्हणून तो बसवला. इमारत त्याच्या जिवावर उभी नाही.

खांबवेडा
मूळ हेतू तोच होता, मान्य. पण १९७८ मध्ये सांगाड्याचे जोड वाऱ्याला कमी पडतील असं कळलं, तेव्हा तो ठोकळा चालू राहणं हाच सुरक्षेचा भाग धरावा लागला, त्याचं काय?

नटबोल्ट
तिथंच खरी गोम आहे, आणि ती आकड्यांत बघायला हवी. तेव्हाच्या नियमांत वारा भिंतीवर काटकोनात आलेला तपासायचा. कोनातून आला तर तो दोन भिंतींवर एकदम बसतो. काही तिरप्या सदस्यांत दोन्हींचा परिणाम रद्द होतो, काहींत बेरीज होते. लेमेश्यूरिए यांच्या फेरहिशेबात ही वाढ ४० टक्के निघाली. ४० टक्के सदस्य पचवतो, पण जोड पचवत नाही. का? इमारतीच्या वजनाने सदस्यात दाब असतो, वाऱ्याने ताण येतो, आणि जोडाला फक्त उरलेला ताण पेलायचा असतो. समजा दाब ७५, ताण १००, उरले २५. आता वारा १४० झाला की उरतात ६५. म्हणजे २५ चे ६५, थेट १६० टक्के वाढ.

मूळ आराखड्यात जोडांना पूर्ण खोलीचं (पोलादाच्या सगळ्या जाडीभर) वेल्डिंग होतं. ठेकेदाराने पैसे वाचवायला बोल्ट सुचवले, लेमेश्यूरिए यांच्याच ऑफिसने मान्य केले, खुद्द त्यांना उशिरा कळलं. बोल्टची संख्या काढताना दाब वजा करून उरलेला ताण धरला होता. तो काटकोनातल्या वाऱ्याचा. पूर्ण वेल्डला हा हिशेब चुकला असता तरी चाललं असतं, कारण तो सदस्याइतकाच बळकट असतो.

तिरपी_तुळई
मग दोष जोड बदलण्याच्या पद्धतीचा झाला. काळाचा किंवा हलकेपणाचा कुठे?
शिवाय अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या संशोधकांनी अलीकडे आधुनिक वारा-चाचण्या वापरून हे पुन्हा तपासलं, तेव्हा कोनातला वारा काटकोनातल्यापेक्षा घातक ठरला नाही. ४० टक्क्यांचा आकडा ब्रह्मवाक्य समजू नका.

खांबवेडा
आज हे ठीक. १९७८ च्या ऑगस्टमध्ये हातात तोच आकडा होता आणि एला वादळ समुद्रात घोंगावत होतं. एम्पायर स्टेटमध्ये एखादा हिशेब कमी पडला तरी शेजारचे दहा खांब आणि वीटकाम वाटून घेतात. इथे एका बाजूचं सगळं तिरपे सदस्य आणि त्यांचे जोड यांच्या एका साखळीवर.

नटबोल्ट
साखळीचा मुद्दा बरोबर, पण दुरुस्ती सोपी झाली तीही तिरपे सदस्य ऑफिसांच्या आतल्या बाजूला असल्यानेच. संध्याकाळी लोक गेले की सुतार जोडाभोवती प्लायवूडची खोपटी उभी करायचे, जिप्समचे तक्ते काढायचे, मग वेल्डर दोन इंच जाडीच्या पट्ट्या बोल्टच्या जोडावर बसवायचे. सकाळी टेबलं पुसलेली. असे २०० च्या वर जोड. हाच दोष दगड-विटांत गाडलेल्या रिवेटच्या जोडात निघाला असता तर आधी भिंत फोडा. रिवेट सैल आहे का, हे हातोडीने ठोकून आवाजावरून कळतं, पण त्यासाठी तो हाताला यायला हवा ना!

काचकाम
सगळे वाऱ्यातच अडकलात. एम्पायर स्टेटच्या भिंती भरभक्कम खऱ्या, पण वाफेचे रेडिएटर खिडकीखाली बाहेरच्या भिंतीला टेकलेले, अर्धी ऊब रस्त्याला. २०१० च्या सुमारास रेडिएटरमागे परावर्तक पत्रे लावले. ६,५१४ खिडक्या उतरवून पाचव्या मजल्यावरच कारखाना थाटला. काचा वेगळ्या करून धुतल्या, मध्ये फिल्म आणि क्रिप्टॉन-आर्गॉन वायूंचं मिश्रण भरून पुन्हा बसवल्या. जवळजवळ सगळी जुनी काच परत वापरली.

तिरपी_तुळई
म्हणजे जुन्या इमारतीलाही माथ्यावर नाही तरी खिडकीत उपाय लागलाच! वायूचे सील सुटले की काचेच्या आत वाफ दिसते, मग तीच खिडकी पुन्हा उतरवा.

खांबवेडा
खिडकी उतरवली तर इमारत पडत नाही, भाऊ. बोल्टच्या जोडाबद्दल असं म्हणता येईल का?