ड्रायर नुसता घुमतो, फिरत नाही

गुहागरकरीण:
मंडळी, आषाढात उन्हाचा पत्ता नाही, घरात तान्हं बाळ, लंगोटांच्या दोऱ्या पार माजघरापर्यंत आल्यात. नेमका आत्ताच आमच्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर बसला. टायमर फिरवला की हूंऽऽ आवाज येतो, पण टब जागचा हलत नाही. धुण्याची बाजू ठणठणीत. मेकॅनिक म्हणतो मोटर जळाली. खरंच?

वाइंडिंगवाला, कोल्हापूर:
ताई, मोटरवर एवढ्यात खर्च करू नका. आवाज येतोय म्हणजे करंट पोचतोय. टायमर आणि झाकणाचा स्विच शाबूत आहेत. प्लग काढून मागचं कव्हर उघडा. झाकण लावलं की एक वायर ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. ती हाताने ओढून टब फिरवा. सहज फिरला तर बहुतेक कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला सुरुवातीचा झटका देणारा भाग, गेलाय. जड गेला तर ब्रेक धरून बसलाय, नाहीतर टबाखाली मोजा अडकलाय. कपॅसिटरला डिस्चार्ज केल्याशिवाय, म्हणजे त्यात साठलेला करंट काढल्याशिवाय, हात लावू नका, आणि नवा आणताना मायक्रोफॅरडचा (त्याच्या क्षमतेचा) आकडा जुन्यावरचाच बघा.

गुहागरकरीण:
दादा, ब्रेकच होता! वायर सैल पडली होती, ह्यांनी ताणून बसवली. लंगोट आत्ताच पिळून निघाले. मोटरवर मात्र गंजाचा ओघळ दिसतोय.

वाइंडिंगवाला, कोल्हापूर:
मग टबाखालचं रबर सील गळतंय. पावसाळ्यातच बदला, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये उतरून मोटर खरंच जाईल.