शेवगा-हळद चालू आहे, तरी अंडी ट्रेमध्येच का फुटतायत?

दिंडोरीचं_खुराडं: राम राम मंडळी. घरामागे कावेरी जातीच्या 140 कोंबड्या आहेत, वय 40 आठवड्यांच्या आसपास. मक्याचा भरडा, सोयापेंड, तांदळाची पॉलिश असं खाद्य घरीच मिसळते. फेब्रुवारीपासून किलोला 20 ग्रॅम शेवग्याच्या पाल्याची पूड आणि 5 ग्रॅम हळद घालतेय, शिवाय दोन दिवसांआड लसूण ठेचून पाण्यात. पिसं चकाकायला लागली. बलक असा केशरी की गिऱ्हाईक विचारतं, रंग घालता का!

पण एप्रिल लागला आणि रोज दहा-बारा अंडी ट्रेमध्येच तडकतात. दोन-तीन तर पिशवीसारखी मऊ. मानमोडीची लस वेळेवर झालीय, जंताचं औषधही. शेवग्यात दुधापेक्षा जास्त कॅल्शियम असतं म्हणून मार्चमध्ये शिंपल्याचा चुरा बंद केला होता, तेवढाच खर्च वाचला. आता शेवगा वाढवू का?

सिन्नरकर_अंडेवाला: ताई, घोळ तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे.

हिशोब मांडू. कोंबडी दिवसाला 110-115 ग्रॅम खाते, म्हणजे तुमची पूड तिच्या पोटात जाते जेमतेम सव्वादोन ग्रॅम. वाळल्या पाल्यात कॅल्शियम धरा दोन टक्के. झालं किती? 45 मिलिग्रॅम. एका कवचात कॅल्शियम असतं जवळपास 2 ग्रॅम. दुधाशी तुलना वाळल्या पुडीची केली की आकडा मोठा दिसतोच, दुधात पाणीच जास्त. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. ते शिंपल्यातून नाहीतर चुनखडीतून येतं, पाल्यातून नाही. सध्या ती स्वतःच्या हाडांतून काढून देतेय. असंच चाललं तर पायातली ताकद जाऊन बसूनच राहील.

शिंपला जाडसर घ्या, पीठ नको, आणि संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. कवच बरंचसं रात्री चढतं, जाड खडे पोटात रेंगाळून तेव्हा कामी येतात. शेवगा राहू द्या, वाईट नाही. वाढवू मात्र नका, चोथा वाढून मका-सोयाची जागा खातो.

ओझरचा_भाऊ: दादांशी सहमत, पण ऊनही धरा. कोंबडी धापा टाकते तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवचाला कार्बोनेट कमी पडतं, मग शिंपला असूनही कवच पातळ. पत्र्यावर गोणपाट ओलं करून टाका, खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर.

आणखी एक. आपल्याकडे कांद्याची चाळ निवडली की सडका माल कोंबड्यांपुढे ओतायची खोड आहे. करू नका, कांदा जास्त झाला की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षाचा पालाही फवारा माहीत असल्याशिवाय नको. बलकाच्या रंगासाठी दसऱ्यानंतर उरलेला झेंडू सावलीत वाळवून ठेवा. फवारलेला नसेल तरच.

दिंडोरीचं_खुराडं: कपाळावर हात मारला. सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, "शिंपल्या कुठं गेल्या गं?" मीच मोबाईल दाखवून गप्प केलं त्यांना.

बारा दिवस झाले. शिंपला संध्याकाळी सहाला ठेवते, पहिल्या दिवशी तर तुटूनच पडल्या. मऊ अंडी बंद, तडकलेली काल दोन. गोणपाट दुपारी तीनदा भिजवते. हळद, शेवगा तेवढंच ठेवलंय. आता लसणाचं सांगा. गंगापूर रोडच्या एक काकू म्हणतात, आमलेटला वास येतो.

सिन्नरकर_अंडेवाला: काकूंचं नाक चांगलं आहे. निम्मा करून बघा, आणि पुढचा ट्रे देताना काही सांगू नका त्यांना.