पेतियोवर एकांकिका: चुन्याचा खड्डा, तिकोनी खोली, गेस्टापो... यातलं खरं किती?

तिसरी_घंटा_टिळकवाडी
नमस्कार मंडळी. बेळगावातल्या स्पर्धेसाठी डॉ. मार्सेल पेतियोवर संहिता लिहितोय. जर्मनव्याप्त पॅरिसमधला डॉक्टर, अर्जेंटिनाला पोचवतो म्हणून ज्यूंना घरी बोलवायचा आणि मारून टाकायचा. वेळ ४५ मिनिटं, सेट एकच: २१, र्‍यू ल स्यूर. व्हिडिओ बघितले तर प्रत्येकाचं वेगळंच. लोक आपल्या पायांनी त्या घरात का गेले? पोलिसांना दोन वर्षं पत्ता कसा नाही? आणि कळीच्या चुन्यात प्रेत विरघळतं का? माझा तिसरा प्रवेश या शेवटच्या मुद्द्यावर उभा आहे. जाणकारांनी सविस्तर सांगा ओ.

निपाणी_जुनी_कात्रणं
चुन्याचं कुणीतरी सांगेलच. मी धंदा कसा चालायचा ते सांगतो, नाटक खरं तिथं आहे.

पेतियोचा दवाखाना ६६, र्‍यू कोमार्तँला. ल स्यूरचं घर त्यानं १९४१ मध्ये विकत घेतलं, पण तिथं तो राहायचा नाही. गिऱ्हाईक आणायला माणसं ठेवलेली: राउल फूरिये हा न्हावी आणि एदमों पँतार हा रंगभूषाकार. स्वतः पडद्याआड, नाव ‘डॉक्टर युजीन’. दर माणशी २५,००० फ्रँक. वर अट अशी की ओळखीचे कागद जवळ नकोत, कपड्यांवरच्या खुणा काढून टाका, किमती ऐवज सोबत घ्या आणि जातोय हे कुणालाही सांगू नका. खरोखरच सीमा ओलांडून नेणाऱ्यानंही नेमकं हेच सांगितलं असतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. पुरावा पुसायचं काम मरणाराच आधी करून यायचा. जानेवारी १९४२ मध्ये गेलेला जोआकिम गुशिनोव हा फरच्या कपड्यांचा व्यापारी, पेतियोच्या शेजारचाच. त्याच्या बायकोला पुढं ‘सुखरूप पोचलो’ अशी चिठ्ठी दाखवली गेली.

आता पोलीस. १६-१७ जुलै १९४२ ला पॅरिस भागातून सुमारे १३,००० ज्यू धरून नेले, आणि धरायला आले ते फ्रेंच पोलीसच. मग नवरा घरी आला नाही म्हणून त्याच चौकीत तक्रार कोण देणार? शेजाऱ्यांनी समजूत करून घेतली: नेले असतील, नाहीतर निसटले असतील. इकडचा माणूस राज्याच्या सीमेपलीकडे चंदगड हद्दीत नाहीसा झाला की दोन ठाणी एकमेकांकडे बोट दाखवतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तिथं तर विचारायचीच चोरी.

एक दुरुस्ती: बळी फक्त ज्यू नव्हते. गेस्टापोच्या, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांच्या, सावलीत लुटालूट करून पळू पाहणारे काही गुंड आणि त्यांच्या बायकाही त्याच वाटेनं गेल्या. संहितेत एखादा गुंड घाला, नाहीतर सगळं एकाच रंगाचं होईल.

गेस्टापोला हे पलायनाचं खरंखुरं जाळं वाटलं. त्यांनी इव्हाँ द्रेफ्युस नावाच्या कैद्याला सोडून आत पेरला. तो गायब झाला. मे १९४३ मध्ये पेतियोला उचललं, फ्रेनच्या तुरुंगात ठेवलं, छळलं. जानेवारी १९४४ मध्ये भावानं १,००,००० फ्रँक भरल्यावर सोडलं. त्या छळाचा त्याला पुढं फायदाच झाला. बरोबरचा एक कैदी खटल्यात त्याच्या बाजूनं बोलला.

कळीचा_चुना
विरघळत नाही. तिसरा प्रवेश बदला.

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. पाणी मिळालं की रटरटतो, वाफा येतात, शंभराच्या वर तापमान जातं. कातडी भाजते, पण हा जोर थोडा वेळच टिकतो. विझला की उरते ती फकी. ती अल्कधर्मी, त्यामुळे कुजवणारे जिवाणू वाढत नाहीत. शिवाय ती ओलावा शोषते आणि वर घट्ट कवच धरते. त्यामुळे वास दबतो, कुजणं लांबतं आणि हाडं, केस, कधी कातडीसुद्धा टिकते. म्हणजे ज्यानं पुरावा संपवायचा त्यानंच तो राखून ठेवला. पेतियोच्या भावानं फेब्रुवारी १९४४ मध्ये सुमारे ४०० किलो चुना पोचवला होता. तो जुन्या तबेल्यातल्या खड्ड्यात गेला.

चुन्यानं भागेना, म्हणून तळघरातली शेगडी. इथंही तेच. आपल्याकडे उघड्या चितेला चार-पाचशे किलो लाकूड लागतं आणि भोवती हवा मोकळी असते. तळघरातल्या बंद शेगडीत ना तेवढं जळण, ना तेवढी हवा. चरबी अर्धवट जळते, काळा तेलकट धूर होतो. शनिवार, ११ मार्च १९४४ ला समोरच्या घरातून तक्रार गेली ती खुनाची नव्हे, दुर्गंधीच्या धुराची. पोलिसांनी दवाखान्यात फोन केला, तर ‘मी येईपर्यंत आत जाऊ नका’ असं उत्तर. अखेर अग्निशामक दलाचे जवान खिडकीतून आत शिरले.

रंगमंचावर धूर करणार असाल तर ड्राय आइस नको. तो पांढरा आणि खाली बसणारा. हा धूर धुरांड्यातून रस्त्यावर येत होता.

खानापूर_रानवाट
वरच्यात भर. पेतियो सायकलवरून आला आणि पोलिसाला विचारलं, फ्रेंच आहात ना? आतली प्रेतं जर्मनांची आणि देशद्रोह्यांची आहेत, मी प्रतिकार चळवळीतला, कागदपत्रं जाळायला गेलं पाहिजे. पोलिसानं जाऊ दिलं. मूर्खपणा वाटतो, पण तो खरा देशभक्त निघाला असता तर? तुमचा सगळ्यात भारी प्रवेश हाच, तळघर नव्हे. दोन माणसं, एक सायकल, सेटसुद्धा नको.

ओळख पटवण्याबद्दल: न्यायवैद्यक डॉ. पॉल यांनी तुकडे जुळवून निदान १० देह सांगितले. मृत्यूचं कारण ठरवता आलं नाही. खटला चालला तो सामानावर. कुर्सों-ले-कारियेर गावात पोटमाळ्यावर बळींच्या ४९ सूटकेस सापडल्या. त्यांत बळी गेलेल्या क्नेलर कुटुंबातल्या लहान मुलाचा पायजमा होता. नेपथ्यात सूटकेसच वापरा, ४९ नसल्या तरी बऱ्याच.

तिसरी_घंटा_टिळकवाडी
चुन्याचा प्रवेश काढला. पण त्या घरातली तिकोनी खोली ठेवली तर चालेल का? इंजेक्शन देतो आणि भिंतीतल्या भिंगातून मरताना बघतो, असं सगळीकडे आहे.

निपाणी_जुनी_कात्रणं
खोली खरी. खोटं दार, कशालाही न जोडलेली घंटा, भिंतीत हुक आणि भिंग, हे सगळं सापडलं. तिथं नेमकं काय व्हायचं हे मात्र सिद्ध झालेलं नाही. लशीच्या नावाखाली विष दिलं हा तर्क आहे, प्रेतांत विष दाखवता आलं नाही. म्हणून भिंगामागे त्याला उभा करू नका. घंटा वापरा: माणूस दाबतो, वाजत नाही, पुन्हा दाबतो, काळोख.

शेवट अटकेवर करणार असाल तर तारखा चुकवू नका. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झालं. पेतियो दाढी वाढवून ‘कॅप्टन व्हालेरी’ नावानं मुक्तिसेनेत शिरला होता. वर्तमानपत्रानं त्याला जर्मनांचा हस्तक म्हटलं, त्याला राहवेना, हातानं लांबलचक खुलासा लिहून पाठवला आणि अक्षरावरून माग निघाला. ३१ ऑक्टोबर १९४४, सँ-मांदे मेट्रो स्थानक. २७ खुनांचा आरोप होता. त्यानं स्वतः ६३ जण मारल्याचं सांगितलं, पण सगळे देशाचे शत्रू म्हणून. २५ मे १९४६ ला गिलोटिन.

कळीचा_चुना
सूटकेस रविवारच्या जुन्या बाजारात बघा. चाकं असलेली एकही घेऊ नका, परीक्षक तेवढंच धरून बसतील.