लग्नात फुलांच्या सजावटीऐवजी घरच्या जुन्या कुंड्या: तुम्हाला पटतं का?

जाईचा मांडव

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे मुलीच्या लग्नाची गडबड सुरू. कार्यालय पुण्यातच ठरलंय. डेकोरेटर परवा फोटो दाखवून गेला: ऑर्किड, जरबेरा, कार्नेशन, मागे अख्खी फुलांची भिंत. मुलीने सगळे फोटो पाहिले आणि म्हणाली, "आई, यात आपलं काय आहे?" तिला स्टेजवर आणि दारात घरच्या कुंड्या हव्यात.

आमच्या गच्चीतलं ब्रह्मकमळ माझ्या आईने १९७८ साली चिपळूणहून, तिच्या माहेराहून आणलं. एकच पान, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलं होतं, तो डबा गंजून कधीच गेला. झाड मात्र तीन घरं फिरलं. ठाण्याला मावशीकडे आणि नाशिकला मामेबहिणीकडे आहे तेही त्याच्याच पानांचं. आई आता नाही. सासूबाईंची अबोली आहे, त्यांनी सावंतवाडीहून बी आणून रुजवलेली. आणि अनंत, जो मुलीच्या बारशाच्या आठवड्यात लावला, तो आता तिच्या खांद्याला लागतो.

मला तिचं म्हणणं मनापासून पटलंय. चार तासांसाठी एवढी फुलं आणायची आणि रात्री पोत्यात भरून टाकायची, त्यापेक्षा जी झाडं तिच्याबरोबर वाढली ती शेजारी उभी राहू देत. घरात मात्र दोन तट पडलेत. तुम्ही सांगा.

निशिगंध

नेऊ नका, हात जोडून सांगते.

माझ्या भावाच्या लग्नात आम्ही हेच केलं. मे महिना, आजीचा अनंत कळ्यांनी लगडलेला. टेम्पोत उभा बांधून नेला. स्टेजवर एका बाजूने एसीचा झोत, दुसऱ्या बाजूने फोकस. दुसऱ्या दिवशी घरी आणला तेव्हा कळ्या पिवळ्या पडून मातीवर गळलेल्या. अनंताला जागा बदललेली आणि हवा कोरडी झालेली सोसत नाही, हे नंतर कळलं. कुंडीत कुणीतरी सरबतही ओतलं होतं, माती चिकट लागत होती. श्रावण येईपर्यंत झाड वाळलं. आजी पुढे कितीतरी दिवस सकाळी तांब्या घेऊन त्या कुंडीपाशी जायची आणि तशीच परत यायची.

कापलेलं फूल सुकणारच असतं. आजीच्या हातचं झाड पुन्हा मिळत नाही.

मावळातला गडी

मी फूलशेतकरी. वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, गुलाब आणि जरबेरा. ताईंच्या भावना समजतात, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. फूल कापलं म्हणजे झाड मारलं, असं नसतं. गुलाबाची दांडी कापली की खालच्या डोळ्यातून नवा फुटवा येतो आणि दीड-दोन महिन्यांत त्यावर पुन्हा दांडी तयार होते. कापणं हीच त्याची निगा.

व्हॅलेंटाईनला माल परदेशात जातो, त्याच्या बातम्या येतात. पण आमचा बँकेचा हप्ता लग्नसराईवर फिटतो. कार्यालयं आधीच प्लास्टिकच्या फुलांनी भरलीत. त्यावर बंदी आणा म्हणून आम्ही फूलवाले ओरडतोय. त्यात आता चांगली शिकलेली घरंही ताजी फुलं नकोत म्हणायला लागली तर आम्ही जायचं कुठे?

जाईचा मांडव

दादा, तुमचं वाचून मी "फुलं नकोत" असं सरसकट लिहायला नको होतं हे पटलं. हार, मुंडावळ्या, वेण्या, गजरे सगळं ताज्या फुलांचंच होणार आहे. माझा आक्षेप त्या भिंतीला आहे. फुलं ज्या हिरव्या फोममध्ये खोचतात तो कुजत नाही, नुसता भुगा होऊन मातीत राहतो. तो माझ्या मुलीच्या लग्नातून निघालेला मला नको.

मावळातला गडी

फोमचं शंभर टक्के मान्य. पण तो आमच्या शेतातून येत नाही. डेकोरेटरला सांगा, दांड्या केळीच्या खुंटात खोच. खुंटात पाणी असतं, फुलं छान तग धरतात. काम झालं की खुंट गाईगुरांना किंवा खताच्या खड्ड्यात.

वाडीतली काकू

धागाकर्तीच्या बाजूने माझं मत. यात नवीन काहीच नाही. आपल्याकडे लग्न सुरूच होतं झाडापासून. मुहूर्तमेढ उंबराची, दाराला केळीचे खुंट, आंब्याचे टाळे. आणि देवक म्हणजे तरी काय? कुणाचं कळंब, कुणाची पंचपालवी. कुळाचं झाड मांडवात आल्याशिवाय लग्न लागत नव्हतं. घरातलं झाड स्टेजवर नेणं हे त्याच वळणाचं आहे.

फक्त तुळस नेऊ नका. ती अंगणातच शोभते. कार्यालयात लोक चपला घालून तिच्या अंगावरून जाणार, ते बघवणार नाही.

निशिगंध

काकू, देवकाला डहाळी आणतात. झाड जागेवरून हलवत नाहीत. जुन्या माणसांनी ते उगाच तसं ठेवलं नसेल.

खुरपं

निशिगंध यांचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही न्यायचंच असेल तर थोडं झाडाच्या बाजूने सांगतो.

तीन-चार आठवडे आधीपासून कुंड्या रोज थोड्या जास्त सावलीत सरकवा, एकदम उन्हातून हॉलमध्ये नको. नेण्याच्या आदल्या दिवशी पाणी बेताचं, नाहीतर कुंडी जड होते आणि धक्क्याने ओली माती मुळांपासून सुटते. परत आणल्यावर लगेच उन्हात ठेवू नका, खतही देऊ नका.

ब्रह्मकमळ काटक आहे, ते सोसेल. पण ते फुलतं पावसाळ्यात, तेही रात्री. मार्गशीर्षात नुसती पानं दिसतील, हे मुलीला आधी सांगून ठेवा. आणि आपण पान म्हणतो तो खरं तर चपटा झालेला दांडाच आहे, म्हणून तर मातीत खोचला की रुजतो. आजच चार-सहा लावून ठेवा. मूळ झाडाला काही झालंच तर आईचं ब्रह्मकमळ संपणार नाही.

अनंत घरीच राहू द्या.

जाईचा मांडव

काल रात्री मुलीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. आजीच्या तांब्यापाशी ती गप्प झाली.

अनंत हलणार नाही. हळद आता कार्यालयात न करता गच्चीतच करायची, त्याच्या शेजारी पाट मांडून. तुळसही अर्थातच घरी. अबोलीच्या दोन कुंड्या दाराशी जातील. ब्रह्मकमळावर मात्र ती अडून बसलीये, फुलं नसली तरी चालतील म्हणते, आजी तिथे हवी. आज सकाळी सहा पानं मडक्यांत लावली. दादा, भिंत रद्द केली, खुंटांसाठी गुलाब तुमच्याकडून मिळतील का?

मावळातला गडी

तारीख कळवा. पहाटे कापून, बादलीत पाण्यात उभे करून पाठवतो.

निशिगंध

ब्रह्मकमळालाही माझा विरोध आहे, तो राहील. पण नेणारच असाल तर एसीच्या झोतापासून लांब ठेवा आणि शेजारी घरचं एक माणूस बसवा, पूर्ण वेळ. आमच्या वेळी सगळे जेवणाच्या पंगतीत होतो.