मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या खेड्यात घराचा रास्त भाव कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी,

बर्मिंगहॅममध्ये नऊ वर्षं काढून आम्ही दोघं आता लडलोजवळच्या एका खेड्यात घर बघतोय. गाव श्रॉपशर हिल्समधलं. चर्च, पब आणि पन्नासेक घरं, बस. दगडी जोडघर, तीन बेडरूम, एजंट पावणेचार लाख पौंड म्हणतोय.

इथे रेडी रेकनर (सरकारी दरतक्ता) नाही, पण लँड रजिस्ट्रीत १९९५पासून प्रत्येक घर कितीला विकलं ते फुकट बघता येतं. आपल्याकडे इंडेक्स टूवरचा, म्हणजे दस्तनोंदणीतला, आकडा बघून गालातल्या गालात हसायची सवय असलेल्या माणसाला हे जरा जडच जातं! अडचण अशी की गेल्या पाच वर्षांत गावात विक्रीच मोजून तीन. एक जुनं धान्यकोठार, घर केलेलं, सोबत दोन एकर. दुसरं २०२१च्या मे महिन्यातलं. तेव्हा ५ लाखांपर्यंत स्टँप ड्यूटी माफ होती आणि लोक घरांवर तुटून पडले होते. तिसरं आमच्यापासून चार घरं पलीकडे, तीनच बेडरूमचं जोडघर, २०२३मध्ये फक्त सव्वादोन लाखांना गेलं! एजंटला विचारलं तर "ते वेगळं होतं" म्हणून हवापाण्यावर आला.

घरांच्या किमतींचा सरकारी निर्देशांकही लावून पाहिला. पण तो अख्ख्या श्रॉपशर कौन्सिलच्या (इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) हद्दीचा, त्यात श्रूझबरीच्या नव्या वसाहतीही आल्या. आमच्या दगडी भिंतींना त्याचा काय उपयोग?

शिवाय गावात गॅसची लाइन नाही, तेलाची टाकी आहे. ड्रेनेज सेप्टिक टँकवर. याचे पैसे भावातून मागायचे की गावात हे चालायचंच? कुणी अशा गावात घर घेतलंय का?

प्रतिसाद:
ते स्वस्त घर विटांचं आहे का? शेजारी हुबेहूब तसंच दुसरं? असेल तर ते पूर्वी कौन्सिलचं असणार. अशा निसर्गरम्य भागात कौन्सिलने भाडेकरूंना विकलेल्या घरांवर कधीकधी अट असते: पुढे विकायचं तर त्याच भागात तीन वर्षं राहिलेल्या किंवा काम केलेल्या माणसालाच. गिऱ्हाईक कमी, भाव कमी. ७ पौंड भरून त्या घराचा उतारा काढा, अट त्यात दिसेल.

लँड रजिस्ट्री चौरस मीटर सांगत नाही. ते त्या घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रात असतं, तेही ऑनलाइन फुकट. आजूबाजूची पाच-सहा गावं धरा आणि चौरस मीटरचा भाव काढा. तेलाच्या टाकीचे पैसे कुणी सोडणार नाही, तिकडे सगळ्यांकडेच ती असते. सेप्टिक टँकचं पाणी थेट ओढ्यात जात असेल तर मात्र अडून बसा. २०२०पासून ते चालत नाही, आणि नवी यंत्रणा बसवायची तर हजारोंत जातं.

धागाकर्ता:
अगदी बरोबर! विटांची, एकसारखी चार घरं एका रांगेत. उतारा काढला, अट आहे. म्हणजे ते घर तुलनेतून बाद, आणि घासाघीस करायला माझ्या हातात होतं तेवढं एकच हत्यार गेलं. सेप्टिक टँकचं पाणी कुठे जातं ते शनिवारी जाऊन बघतो. घरामागे ओढा आहेच.