हेडफोनमधली सूं सूं

रेकॉर्डिंगच्या मशीनला हेडफोन लावला की व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी सूं येतेच म्हणताय ना, मग ती रेकॉर्डिंगमध्ये नाहीये, मशीनच्या हेडफोन अ‍ॅम्पचीच (हेडफोनसाठी आवाज वाढवणाऱ्या भागाची) आहे. आधी सगळ्या ट्रॅकचे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) खाली करून बघा, बदल झाला नाही तर नक्कीच. मी फोंड्याला घरी घुमट-शामेळ (गोव्याची तालवाद्यं) रेकॉर्ड करतो, १६ ओमचे (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) मोबाइलवाले इयरफोन लावले की जाम सूं, २५० ओमचा हेडफोन लावला तर जवळजवळ गायब, फक्त व्हॉल्यूम वाढवावा लागतो. नवीन घ्यायचा नसेल तर ३२ ओमवाल्याला डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना १०० ओमचा रेझिस्टर (अडथळ्याचा छोटा पार्ट) सिरीजमध्ये, म्हणजे वायरच्या मधेच टाका, सूं साधारण १२ डीबी (डेसिबल) कमी होते, बेस थोडा बदलतो कधीकधी पण चालतं. आणि न वापरलेल्या इनपुटचे गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण) बंद ठेवा हो!