विडी-सिगरेट सोडण्याआधी काय तयारी केली होती? (अनुभव धागा, नाशिक)

माझा धाकटा भाऊ अंबडला कंपनीत आहे. येत्या ३१ मेला, तंबाखूविरोधी दिनाला, सिगरेट सोडायची असं त्याने ठरवलंय. ज्यांनी स्वतः सोडली किंवा घरातल्या कुणाला सोडताना पाहिलं, त्यांनी आधी काय ठरवलं होतं आणि तलफ आली तेव्हा नेमकं काय केलं, ते लिहा. 'मनावर घेतलं की सुटते' हे त्याला सगळेच सांगतात. त्यापुढचं हवंय.

सातपूरकर
तारीख धरली हे उत्तम. आधीच्या आठवड्यात मी एकही कमी केली नाही, फक्त लिहीत गेलो. खिशात कागदाचा तुकडा, त्यावर वेळ, जागा, सोबत कोण. नंतर बघतो तर निम्म्याहून जास्त सिगरेटी गेटबाहेरच्या टपरीवरच्या, कटिंगबरोबरच्या. तलफ नसायचीच, चहा आला की हात खिशात जायचा. मग चहाच हलवला. कँटीनमध्ये, न ओढणाऱ्यांच्या टेबलावर. टपरीवरच्या मित्रांना आधीच सांगून टाकलं, महिनाभर मला विचारू पण नका. त्यातला एक नंतर माझ्याबरोबर कँटीनला यायला लागला.
तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं जोर करते आणि ओढली नाही तरी ओसरते. भावाला घड्याळ लावून बघायला सांगा. तेवढ्या वेळात मी घोटघोट पाणी प्यायचो आणि कंपनीतच शॉप फ्लोअरला एक फेरी मारायचो.

कॉलेज रोडहून
आमच्याकडे मिस्टरांनी सोडली. आदल्या रात्री दोघांनी मिळून घर धुंडाळलं. लायटर गाडीच्या डिक्कीत, अर्धं पाकीट रेनकोटच्या खिशात. ॲशट्रे भंगारात दिला. पांघरुणं, शर्ट धुऊन काढले, कारण त्या वासानेही तलफ येते. पहिले तीन-चार दिवस चिडचिड फार आणि झोप नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. जमिनीच्या वाटणीचा विषय त्या आठवड्यात काढायचा नाही, हेही ठरलं होतं.
'एखादी ओढली गेलीच तर?' याचं उत्तर लिहून फ्रिजवर लावलं होतं: पुढची ओढायची नाही, तारीख बदलायची नाही. भाच्याच्या हळदीला तसं झालंच, आणि तो कागद कामाला आला. हे आधी ठरवलेलं नसतं म्हणून कितीतरी लोक एका सिगरेटपायी सगळंच सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं.

जेल रोड, निवृत्त
सहसा कुणी बोलत नाही ते लिहितो. सकाळची सिगरेट ओढल्याशिवाय माझं पोट साफ व्हायचं नाही. असे पुष्कळ आहेत. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतो, तो निकोटीन बंद झाल्याचाच परिणाम. लोक घाबरून पुन्हा पेटवतात. मी बऱ्याच आधीपासून रात्री इसबगोल, सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी आणि नंतर पपई सुरू केली. मग चालायला जायचं. हे अंगवळणी पडल्यावरच सिगरेट बंद केली. पहिली सिगरेट सगळ्यात चिवट असते, रात्रभरात अंगातलं निकोटीन उतरलेलं असतं ना.

सिन्नरकर
आमच्याकडे विड्या वळणारी घरं पुष्कळ, त्यामुळे 'विडीवर ये, ती हलकी' म्हणणारेही भेटतात. ती हलकी नाही. सारखी विझते म्हणून झुरके जोरात आणि भराभर मारावे लागतात. सिगरेट सोडून तंबाखू मळणं किंवा मिसरी लावणं हेही सोडणं नव्हे. तोंडाला चाळा हवा तर लवंग, बडीशेप. सुपारी अजिबात नको.

गंगापूर रोड, औषध दुकान
२ मिलिग्रॅमचा निकोटीन गम चिठ्ठीशिवाय मिळतो. पण लोक तो साध्या च्युइंगगमसारखा चघळत बसतात, मग मळमळ, उचकी, आणि 'याने काही होत नाही' म्हणून परत येतात. सावकाश चावा, तोंडात झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्या. झणझण गेली की पुन्हा चावा. असा अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत नको, निकोटीन नीट शोषलं जात नाही. हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. गोळ्याही आहेत, त्या मात्र चिठ्ठीवरच.
सिगरेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर छापलेला असतो. फोन मोफत आहे. भावाला तारखेआधीच करायला सांगा, म्हणजे समुपदेशक तयारीपासून बरोबर असतात आणि सोडल्यानंतर स्वतःहून फोन करून चौकशीही करतात.